ओडरकाठच्या तारखा



दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनी आणि पोलंड यांची सरहद्द ज्या ओडर नदीवरून आखली गेली, तिच्या खालच्या खोऱ्यात अलीकडच्या तीरावर १९९५ साली स्थापन झालेले सुमारे १०,००० हेक्टरांचे जर्मन राष्ट्रीय उद्यान आणि पलीकडे १९९३ पासूनची पोलंडची संरक्षित उद्याने, असा दोन सरकारांच्या अमलाखालचा एकच पाणथळ मुलूख पसरलेला आहे. तेथील घरट्यांचे रक्षण हद्दीच्या खुणांपेक्षा तारखांवर अधिक अवलंबून असते, एवढेच आज मला मांडावयाचे आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन सरकारने हॉलंडच्या धर्तीवर येथे बांध घातले आणि त्यांत दारे बसविली. हिवाळ्यात ही दारे उघडली म्हणजे पुराचे पाणी कुरणांवर पसरते. एप्रिलात ती मिटून उरलेले पाणी पंपांनी उपसले म्हणजे खातेदाराला गवत मिळते. पक्ष्यांची पंचाईत होते ती इथेच. काळा सुरय तरंगत्या पाणवनस्पतींवर अंडी घालतो. पाणी लवकर ओसरले तर त्याचे घरटे कोल्ह्याच्या वाटेवर येते. उलट कॉर्नक्रेक हा पाणकोंबडीच्या कुळातला, आफ्रिकेहून येणारा लाजाळू पक्षी. त्याला उंच गवताचे कुरण लागते, आणि त्याची पिले कित्येक आठवडे केवळ पायांच्या भरवशावर असतात. यंत्र कडेकडेने फिरत मध्याकडे आले, तर ती शेवटच्या गवतात कोंडून कापली जातात. कापणी मध्यापासून बाहेर केली, किंवा मुळात लांबणीवर टाकली, तर वाचतात.

पलीकडच्या तीरावर, नदीच्या दोन प्रवाहांमधल्या दलदलीत, युद्धात मोडलेली दारे कोणी नीट दुरुस्त केली नाहीत, त्यामुळे पाणी मनास येईल तसे येऊ-जाऊ लागले. सरकारी हेळसांडीने पंखवाल्या रयतेचे इतके कल्याण क्वचितच झाले असेल! पण सर्वच रयतेचे नव्हे: पाणथळीतला वटवट्या, ज्याची जर्मनीतील अखेरची वस्ती याच खोऱ्यात होती, त्याला आखूड गवत लागते, आणि उशिरा का होईना, कापणी झाली नाही तर तेथे बोरू आणि वाळुंज माजतात.

१९९२ साली दोन्ही देशांनी या खोऱ्याच्या संयुक्त रक्षणाचा जाहीरनामा काढला. तथापि कृष्णेच्या पाणीवाटपाचे लवाद पाहिलेल्या तुम्हांस सांगावयास नको, की दस्तऐवज आणि दप्तर यांच्यात पुष्कळ अंतर असते. २०२२ च्या उन्हाळ्यात, वरच्या अंगाला सोडलेले खारट सांडपाणी, उष्मा आणि आटलेला प्रवाह यांच्या संगतीने विषारी शेवाळ माजून शेकडो टन मासे मेले. ते जर्मन काठाला लागले तरी ठरलेल्या मार्गाने इशारा आला नव्हता, अशी तेथील अधिकाऱ्यांची तक्रार होती. महिना ऑगस्टचा होता आणि बहुतेक घरटी रिकामी झाली होती, हे श्रेय मात्र कोणत्याही खात्याने घेऊ नये.