होकायंत्र खोटे का बोलते?



शाळा मी सातवीत सोडली. पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयात आणि बंदरावरच्या कामगारांत. आज होकायंत्रावर बोलायला उभा आहे तो विद्वान म्हणून नव्हे; एका तांडेलाच्या पगारापायी मला ते शिकावे लागले म्हणून.

काही वर्षांपूर्वी एक लहान शिडाची बोट संध्याकाळच्या धुरक्यात बंदराकडे परतताना खडकाला घासली. मालकाने तांडेलाला बेपर्वा ठरवले आणि दुरुस्तीचा खर्च त्याच्या पगारातून कापायला सुरुवात केली. तांडेलाचे म्हणणे एकच : "भाऊ, मी होकायंत्रावर नजर ठेवूनच सुकाणू धरले होते." आता, माणूस खरा की यंत्र खरे?

यंत्राची सुई पृथ्वीचे चुंबकत्व ओळखते हे आपण शाळेत शिकतो. पण तिला जवळचे लोखंडही ओळखता येते, आणि दोहोंतला फरक मात्र कळत नाही. ऑस्ट्रेलियाचा किनारा मोजताना १८०१ ते १८०३ या काळात मॅथ्यू फ्लिंडर्सने पाहिले की, जहाजाचे तोंड फिरले की सुईची चूकही बदलते. १८३८ साली जॉर्ज एअरी यांनी 'रेनबो' या लोखंडी जहाजावर ही चूक चुंबके लावून काढून दाखवली. तरीही १८५४ साली 'टेलर' हे लोखंडी जहाज होकायंत्रे चुकल्यामुळे आयर्लंडजवळ फुटले आणि तीनशेहून अधिक माणसे बुडाली. लांब कशाला, आपल्या कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी होत. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणताच ते काम १९०४ साली अलिबागला न्यावे लागले.

म्हणून बोटीवर यंत्र बसवताना पहिला प्रश्न जागेचा. ते सुकाणूधाऱ्याच्या समोर हवे. इंजिन, नांगर, ध्वनिक्षेपक यांच्यापासून जमेल तितके दूर हवे. स्क्रू पितळेचे, जवळून जाणाऱ्या विजेच्या दोन्ही तारा एकमेकींना पीळ देऊन न्याव्यात. मग नाळेच्या मध्यापासून मागल्या मध्यापर्यंत दोरी ताणावी आणि यंत्रावरची खूणरेषा तिला समांतर ठेवावी.

दुसरे काम परीक्षेचे. रोजचे सामान रोजच्या जागी ठेवून बोट शांत पाण्यात न्यावी. नकाशावरून दिशा ठाऊक असलेल्या खुणा पाहत आठही दिशांना तोंड करावे आणि चूक लिहावी. सर्व दिशांना चूक सारखीच असेल, तर यंत्रच वाकडे बसले आहे. ते फिरवून घ्यावे. दिशेगणिक चूक बदलत असेल, तर जवळच्या लोखंडाचा किंवा चुंबकाचा दोष आहे. तो आधी दूर करावा. उरलेल्यासाठी यंत्रातच दोन लहान चुंबके असतात. उत्तरेकडे तोंड असता आडव्या चुंबकाने चूक काढावी, दक्षिणेकडे उरलेल्यापैकी निम्मी. पूर्वेला आणि पश्चिमेला दुसऱ्या चुंबकाने तसेच. पेचकसही पितळेचाच हवा. शेवटी राहिलेली चूक कागदावर लिहून यंत्राशेजारी चिकटवावी.

आम्ही मालकाला एवढेच म्हटले, की माणसाची चौकशी झाली, आता यंत्राची होऊ द्या. बोट फिरवली. परतीच्या दिशेला सुई बारा अंश चुकत होती, उलट दिशेला तितकीच पण दुसऱ्या बाजूला. बारा अंश म्हणजे पाच मैलांत एक मैल! फळीच्या पलीकडे डोकावलो, तर यंत्राच्या अगदी पाठीशी नवा ध्वनिक्षेपक ठोकलेला. प्रवाशांना गाणी ऐकू यावीत म्हणून मालकानेच तो बसवून घेतला होता. ध्वनिक्षेपकात चुंबक असते, हे कोणाच्या ध्यानीच आले नव्हते.

कापलेला पगार परत मिळाला. मालकही काही दुष्ट नव्हता. कागदावरचे आकडे पाहून तो गप्प झाला. आम्ही घोषणा दिल्या असत्या, तर कदाचित गप्प झाला नसता.

माझे सांगणे इतकेच. कामगाराला दोष देण्यापूर्वी त्याच्या हातातले यंत्र तपासा. आणि कामगारबंधूंनो, ते तपासायचे कसे, हे आपणही शिकून घ्या.