स्वागताध्यक्षांचे भाषण

आदरणीय अध्यक्ष महोदय, मान्यवर अभ्यासक, वनाधिकारी, वखारवाले व्यापारी बंधू आणि ग्रामस्थहो,

महागणपतीच्या चिरनेर नगरीत आपले मनःपूर्वक स्वागत!

‘युद्धकाळातील इमारती लाकूड : उत्पादन आणि मागणी’ या विषयातले आपण जाणकार, मी शेतकरी माणूस. एवढे मात्र ठाऊक आहे की, लढाई आली की कुऱ्हाड रानाकडे वळते. आरमारासाठी साग-शिसव तोडताना रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, अशी ताकीद रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आहे. 1942 साली ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला, तिकडचा साग बंद झाला आणि लष्कराच्या, रेल्वेच्या मागणीचा भार इथल्या जंगलांवर पडला.

पण आमच्या गावाने रानासाठी रक्त सांडले ते त्याआधीच. 25 सप्टेंबर 1930! जंगल कायदा मोडायला पंचक्रोशीतली माणसे कोयते घेऊन अक्कादेवीच्या डोंगरावर चढली आणि पोलिसांनी गोळीबार केला. त्या हुतात्म्यांत नाग्या महादू कातकरी होते. खैराच्या गाभ्याचे टवके मडक्यात उकळून, रस आटवून पूर्वी कात पाडणारा हा कातकरी समाज. लाकूड त्यांच्याइतके कोणी ओळखले असेल? आजही दर 25 सप्टेंबरला पोलीस आमच्या हुतात्म्यांना बंदुकीची सलामी देतात, तेव्हा ऊर भरून येतो. आपण घनफुटांचा हिशेब मांडाल, तेव्हा रानाकाठच्या घरातली जळणाची मोळीही त्यात धरा, एवढेच या गावाचे मागणे आहे.

आता व्यवस्थेविषयी. निवासाची सोय शाळेच्या वर्गांत करावी लागली. पंखे कमी पडले, वाहने दूर उभी करावी लागली. पहाटे अंघोळीच्या पाण्यासाठी काहींना ताटकळावे लागले, याचे फार वाईट वाटते. मोठ्या मनाने क्षमा करावी. पंगतीला वालाचे बिरडे आणि तांदळाची भाकरी आहे, प्यायला चिरनेरच्याच माठातले गार पाणी आहे. गोड मानून घ्या.

मांडव देणारे, तांदूळ पाठवणारे, खुर्च्या-सतरंज्या पुरवणारे, नाव न घेण्याच्या अटीवर देणगी देणारे दाते, रात्रभर भाकऱ्या भाजणाऱ्या बचतगटाच्या भगिनी आणि राबणारी तरुण मुले, सर्वांचा मी ऋणी आहे.

अध्यक्ष महोदयांनी परिषदेचे कामकाज सुरू करावे, ही नम्र विनंती.

जय हिंद! जय महाराष्ट्र!