रुळाचा आस आणि लहानशी स्प्रिंग

ठाण्याच्या वागळे इस्टेटीत किंवा डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत माल बांधण्याची खाती असतात. तिथे लोखंडी चौकटीत ओळीने रूळ बसवलेले आढळतात. खोके ठेवायचे, जरा ढकलायचे, की ते सरकत जाते. यातला एखादा रूळ अडकला तर? सारी चौकट खोलत बसलो तर खातेच खोळंबायचे. म्हणून आसाला स्प्रिंग लावतात.

मनगटी घड्याळाचा पट्टा कसा बसतो, आठवा. बारीक दांडी आत दाबायची, जागेवर न्यायची, सोडली की टोक भोकात शिरते. रुळाचेही तसेच. समजा, बाजूच्या पत्र्याच्या आतल्या अंगापासून आसाचे टोक १० मिलिमीटर पुढे गेले आहे. मग आसाला आत सरकायला १२ मिलिमीटर तरी वाव हवा. मात्र आस अखंड असेल तर अलीकडे दाबल्यावर तो पलीकडे तेवढाच बाहेर येतो. चौकट भिंतीला खेटून उभी केली, की रूळ निघतच नाही. आणि बोलणी खातो बिचारा फिटर!

पुष्कळांना वाटते, मालाचे वजन स्प्रिंग पेलते. तसे नव्हे. बैलगाडीच्या चाकाची खीळ काही भार उचलत नाही, चाक निसटू देत नाही इतकेच. स्प्रिंगचे काम तेच. भार जातो बेअरिंगवरून आसावर आणि आसावरून पत्र्यावर. म्हणून आस षट्कोनी घेतात, भोकही षट्कोनी. गोल आस भोकात फिरू लागला, तर पातळ पत्रा झिजून भोक लांबट होते.

आता स्प्रिंग किती कडक? षट्कोनी पोलादी आस ११ मिलिमीटर जाडीचा आणि ४२० मिलिमीटर लांबीचा धरा. वजन भरते सुमारे ३५० ग्रॅम. बसल्या जागी स्प्रिंगने दोनेक किलोचा दाब ठेवला, तर हादऱ्याने आस सहसा सरकत नाही, आणि माणसाच्या अंगठ्यालाही तो दाबता येतो. बाकी सारे तेच ठेवून नुसती तार दुप्पट जाड केली, तर स्प्रिंग सोळापट कडक होते! शिक्षकबंधूंनी दाबायचे बॉलपेन वर्गात खोलून दाखवावे. मुलांना ही गोष्ट चटकन कळेल.

पट्टा ओढणाऱ्या जड रुळाला मात्र ही युक्ती चालत नाही. तिथे आस नटबोल्टानेच आवळावा, आणि हात घालण्याआधी वीज बंद करून स्विचला कुलूप लावावे.