फोटोत मागे काय दिसतंय?



पडद्यावर एक फोटो आहे. आयर्लंडमधल्या डब्लिन शहराचा मुख्य रस्ता. रुंद, सरळ. दोन्ही बाजूंना दुकानं, फुटपाथवर टोपीवाली माणसं आणि मधोमध एक उंच दगडी खांब. खांबाच्या टोकावर पुतळा. खाली नाव छापलंय, ‘सॅकव्हिल स्ट्रीट’. तारीख मात्र नाही. सांगा बघू, हा फोटो कधीचा असेल?

मी आधी कपडे बघत बसले होते. टोपी कसली, झगा किती लांब. पण कपडे फसवतात. आजोबांचा कोट नातूही घालतो. कपड्यांपेक्षा रस्त्याकडे बघितलेलं बरं.

आधी ट्राम बघा. घोडे ओढत असतील तर फोटो फार तर १९०१ पर्यंतचा, कारण त्या वर्षी डब्लिनची शेवटची घोड्यांची ट्राम बंद झाली. वर विजेच्या तारा दिसल्या तर १८९६ नंतरचा. मग नाव बघा. १९२४ मध्ये हा रस्ता अधिकृतपणे ‘ओकॉनेल स्ट्रीट’ झाला. आता तो खांब. वरचा पुतळा इंग्रजांच्या आरमाराचा सेनापती नेल्सन याचा. १८०९ मध्ये खांब पूर्ण झाला आणि ८ मार्च १९६६ च्या मध्यरात्रीनंतर स्फोटाने उडवला गेला. आयरिश उठावाला ५० वर्षं होत होती, त्या वर्षीची ही गोष्ट. सुदैवाने कुणी दगावलं नाही.

आपल्या फोटोत विजेच्या तारा आहेत, खांब आहे, जुनं नाव आहे. आणि उजव्या हाताच्या इमारती अजून धड उभ्या आहेत. म्हणजे हा फोटो १९१६ च्या आधीचा. असं का म्हणते, ते सांगते.

या रस्त्यावर, जनरल पोस्ट ऑफिसच्या समोर, विल्यम लॉरेन्स यांचं दुकान होतं. १८६५ मध्ये त्यांनी तिथे स्टुडिओ काढला. शहरातली माणसं तिथे नटूनथटून फोटो काढून घ्यायला यायची. शिवाय लॉरेन्सनी एक छायाचित्रकार नोकरीला ठेवला होता, रॉबर्ट फ्रेंच. हा आधी पोलिसात होता. त्याने जड कॅमेरा आणि काचेच्या प्लेटा घेऊन देश पालथा घातला. त्याचे फोटो पोस्टकार्डं म्हणून खपायचे. आज आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयात लॉरेन्स संग्रहाच्या सुमारे ४०,००० काचेच्या प्लेटा आहेत. त्यातल्या बहुतेक फ्रेंचने काढलेल्या. आपला फोटो त्याच जातीचा.

एप्रिल १९१६ मध्ये, ईस्टरच्या सोमवारी, स्वातंत्र्य मागणाऱ्या बंडखोरांनी पोस्ट ऑफिस ताब्यात घेतलं. इंग्रजांनी तोफा लावल्या. आठवडाभरात रस्त्याचा मोठा भाग जळून गेला. लॉरेन्सचं दुकान आधी लुटलं गेलं, मग जळालं. दुकानात ठेवलेल्या माणसांच्या फोटोंच्या प्लेटा गेल्या. देखाव्यांच्या प्लेटा शहरात दुसरीकडे, रॅथमाइन्स भागात ठेवलेल्या होत्या. त्या वाचल्या.

म्हणजे बघा, शहराचे रस्ते उरले आणि शहरातल्या माणसांचे चेहरे जळाले.

त्या आठवड्याच्या खुणा अजून आहेत. पुलाजवळ डॅनियल ओकॉनेल यांचं स्मारक आहे, त्याच्या पायथ्याशी पंख असलेल्या चार स्त्रियांचे पुतळे. फ्रेंचच्या फोटोत त्यांची अंगं गुळगुळीत दिसतात. आज जवळ जाऊन बघितलं तर त्यात गोळ्यांची भोकं आहेत. भोकं तशीच ठेवली, हे मला बरं वाटलं.

आता पोस्टकार्डात काय नाही, तेही बघू. या रुंद रस्त्यापासून थोड्या पावलांवर हेन्रिएटा स्ट्रीट आहे. तिथे अठराव्या शतकात श्रीमंतांनी मोठमोठी घरं बांधली. १८०१ मध्ये आयर्लंडची संसद बंद झाली, कारभार लंडनला गेला आणि त्यामागोमाग पुष्कळ श्रीमंतही गेले. मागे राहिलेली घरं हळूहळू खोली-खोलीने भाड्याने जाऊ लागली. पुण्यात एका घराण्याचा वाडा भाडेकरूंनी भरलेला ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे लगेच कळेल. १९११ च्या जनगणनेत हेन्रिएटा स्ट्रीटवरच्या १४ नंबरच्या एकाच घरात १०० माणसं नोंदलेली आहेत.

१९१३ मध्ये चर्च स्ट्रीटवर अशी घरं कोसळली आणि ७ माणसं मेली. मग सरकारी चौकशी झाली. त्यात दिसलं, की सुमारे २०,००० कुटुंबं एकेका खोलीत राहत होती. त्या अहवालाला फोटो जोडलेले आहेत. दारावर नक्षीची अर्धगोल काच तशीच, श्रीमंती थाटाची. आणि दाराशी मुलं उभी, काही अनवाणी, कॅमेऱ्याकडे टक लावून बघणारी. पोस्टकार्ड आणि हा अहवाल, दोन्ही एकाच शहराचे आणि जवळपास एकाच काळातले. फक्त पोस्टकार्ड विकायचं होतं आणि अहवालाला काहीतरी सिद्ध करायचं होतं. म्हणून जुना फोटो बघताना मी एक प्रश्न आवर्जून विचारते: हा कुणी काढला आणि कशासाठी?

तिसरा कॅमेरा माझा सगळ्यात लाडका. आर्थर फील्ड्स नावाचा एक माणूस १९३० च्या दशकापासून १९८० च्या दशकापर्यंत, म्हणजे जवळजवळ ५० वर्षं, ओकॉनेल पुलावर उभा राहिला. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फोटो काढायचा, हातात चिठ्ठी द्यायचा, पैसे भरून फोटो घेऊन जायचा. आपल्याकडे गेटवे ऑफ इंडियासमोर असे फोटोवाले तुम्ही पाहिले असतील. त्याच्या फोटोत सिनेमाला निघालेली जोडपी आहेत, नवे कपडे घातलेली पोरं आहेत, गावाहून खरेदीला आलेल्या बाया आहेत. १९५० च्या दशकात सुमारे ४ लाख माणसं आयर्लंड सोडून गेली. पुलावरच्या त्या गर्दीत बोटीने निघालेलेही असणारच.

फील्ड्सने निगेटिव्ह जपून ठेवल्या नाहीत. कुठलं ग्रंथालय नाही, कुठली काचेची प्लेट नाही. फोटो होते ते लोकांच्या घरात, अल्बममध्ये, बिस्किटाच्या डब्यात. तो गेल्यावर काही वर्षांनी लोकांना आवाहन केलं गेलं आणि घराघरांतून हजारो फोटो आले.

आणि त्या प्रत्येक फोटोत मागे शहर आहे! खांब दिसतोय, तर १९६६ च्या आधीचा. १९५३ मध्ये पुलावर शोभेसाठी दिव्यांचं एक भांडं बसवलं होतं. लोकांना ते इतकं नावडलं, की कुणीतरी ते नदीत फेकलं. ते मागे दिसलं तर वर्षसुद्धा सांगता येतं. आणि फील्ड्सच्या शेवटच्या २० वर्षांच्या फोटोंत, जिथे खांब होता तिथे नुसतं आभाळ आहे. २००३ मध्ये त्या जागी १२० मीटर उंच, सुईसारखा पोलादी मनोरा उभा राहिला. २०१७ मध्ये त्याच रस्त्यावरून पुन्हा ट्राम धावू लागली. हे बघायला फील्ड्स नव्हता.

लॉरेन्सकडे शहर उरलं, माणसं गेली. फील्ड्सने माणसं टिपली आणि शहर आपोआप मागे आलं.

आता माझी चूक सांगते. माझ्या आजी-आजोबांचा इंदूरचा एक फोटो होता, एका दुकानासमोर उभे. काही वर्षांपूर्वी मी तो स्कॅन केला. चेहरे मोठे दिसावेत म्हणून बाकीचं कापून टाकलं. मूळ प्रत घर बदलताना हरवली. मागे दुकानाची पाटी होती, बाजूला टांगा होता. पाटीवर काय लिहिलं होतं, ते आता सांगणारं कुणी नाही. चेहरे मात्र छान मोठे दिसतात.

म्हणून एवढंच सांगते. या आठवड्यात घरातला एक जुना फोटो काढा. स्कॅन करा, पण पूर्ण, कडेपासून कडेपर्यंत. मागच्या बाजूला पेन्सिलीने नाव, गाव आणि माहीत असेल तर साल लिहा. माहीत नसेल तर घरातल्या मोठ्या माणसाला विचारा, ‘आजी, मागे हे काय दिसतंय?’

आजीला विचारणार असाल, तर मात्र उशीर करू नका.