दुखण्याची रजा आणि त्यापुढची वर्षं
(स्वागताध्यक्षीय भाषण)



स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचं मल्हारगंजात मनापासून स्वागत करते. सुभेदार मल्हाररावांचं नाव सांगणारी ही इंदुरातली जुनी वस्ती. पलीकडे राजवाडा आहे आणि इथे शेजारीच आमचा बडा गणपती. सुमारे २५ फूट उंचीची ती मूर्ती पाहायला वेळ काढा. कर्मचाऱ्यांच्या आरोग्याचा विचार करणारी परिषद एखाद्या नव्या हॉटेलात न भरता या वस्तीत भरावी, असा आग्रह समितीने धरला. तो मान्य झाला याचा मला फार आनंद आहे, कारण ज्यांच्याबद्दल आपण बोलणार आहोत ती माणसं याच गल्ल्यांतून कामाला जातात.

बाहेरच्या लोकांना इंदूर आता पोहे-जिलबीसाठी आणि २०१७ पासून स्वच्छतेतल्या पहिल्या क्रमांकासाठी माहीत आहे. माझ्या पिढीला ते गिरण्यांच्या भोंग्यांचं शहर म्हणून आठवतं. मालवा, हुकुमचंद, राजकुमार, कल्याणमल, स्वदेशी, भंडारी ही नावं आमच्या घराघरांत नातेवाइकांच्या नावांसारखी घेतली जात. हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ रोजी बंद पडली. तिथल्या ५,८९५ कामगारांच्या देण्याचा निकाल लागून सुमारे २२४ कोटी रुपयांची रक्कम २५ डिसेंबर २०२३ रोजी सुपूर्द झाली. मध्ये बत्तीस वर्षं गेली. पुष्कळांचे पैसे त्यांच्या वारसांनी घेतले. त्या बत्तीस वर्षांत ग्रॅच्युइटीचा, पगाराचा, व्याजाचा हिशोब कोर्टात पैशापैशाने मांडला गेला. त्या माणसांच्या झोपेचा, भीतीचा, बोलणं बंद झालेल्या घरांचा हिशोब मात्र कोणी मागितला नाही. आणि तरीही अनंत चतुर्दशीच्या रात्री याच बंद गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, निघतात. कामगार वर्गणी गोळा करून त्या सजवतात आणि सगळं शहर रात्रभर रस्त्यावर उभं राहून त्या पाहतं. हे मी अभिमानाने सांगते.

माझी नोकरी एका कार्यालयाच्या आस्थापना शाखेत झाली. रजेचे अर्ज माझ्या टेबलावर येत. आपल्याकडे त्याला सरळ ‘मेडिकल लगा दी’ म्हणतात, मराठी घरातसुद्धा. अर्जाबरोबर डॉक्टरचा दाखला येई आणि परतताना फिटनेस सर्टिफिकेट व जॉइनिंग रिपोर्ट. शाखेत ते कागद वाचले जात, पण एकाच दृष्टीने: रजा शिल्लक आहे का आणि माणूस खोटं तर बोलत नाही ना? हाच कागद त्या माणसाच्या पुढच्या चार-पाच वर्षांबद्दल काही सांगत असेल, हा विचार तेव्हा मला किंवा माझ्या भोवतीच्या कोणाला शिवलेला नव्हता.

तो विचार फ्रान्समध्ये झाला. तिथल्या वीज आणि गॅस कंपनीतल्या वीस हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचा ‘गाझेल’ नावाचा अभ्यास १९८९ मध्ये सुरू झाला. कंपनीकडे प्रत्येकाच्या आजारपणाच्या रजांची नोंद कारणासकट होती. ज्यांनी आजारपणाची रजा घेतली होती, ते पुढे काही वर्षांनी नैराश्यात सापडण्याचं प्रमाण रजा न घेतलेल्यांपेक्षा जास्त निघालं. मानसिक कारणासाठी रजा घेतलेल्यांमध्ये ते बरंच जास्त होतं, यात नवल नाही. पण पाठ, पोट, सांधे अशा शारीरिक कारणांसाठी घेतलेल्या रजेनंतरही ते वाढलेलं होतं. वय, हुद्दा, दारू-सिगारेट, कामाचा ताण आणि आधीपासून असलेली उदासीची लक्षणं एवढं सगळं हिशोबात धरल्यावरही हा संबंध पुसला गेला नाही. हा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. मी तो निवृत्तीनंतर वाचला आणि माझ्या टेबलावरून गेलेले अर्ज एकेक करून डोळ्यांपुढे आले.

असं का होत असावं? इथे बसलेले डॉक्टर माझ्यापेक्षा नेमकं सांगतील. मी शाखेतून पाहिलेलं सांगते. मन बिघडलेला माणूस ‘माझं मन बिघडलंय’ म्हणत नाही. त्याचं डोकं दुखतं, छातीत धडधडतं, अन्न पचत नाही, अंग मोडून येतं. तो फॅमिली डॉक्टरकडे जातो, त्याला गोळ्या मिळतात आणि दाखल्यावर ‘ॲक्यूट गॅस्ट्रायटिस’ लिहिलं जातं. ते खोटं नसतं. पोट खरंच बिघडलेलं असतं. दुसरी गोष्ट लांबलेल्या रजेची. घरी बसलेल्या माणसाचा दिवस सुटा होतो. टेबलावर फायली साठत आहेत हे त्याला माहीत असतं. रजा संपून पगार कापला जाऊ लागला की घरात आवाज चढतात. सहकाऱ्यांचे फोन पहिल्या आठवड्यात येतात, मग थांबतात. परत जायचा दिवस जवळ येतो तसा त्याच्या पोटात गोळा येतो आणि तो आणखी आठ दिवसांचा दाखला आणतो. आजार बरा झालेला असतो, पण रजेनेच नवा आजार दिलेला असतो. तिसरी गोष्ट, काही वेळा रजा आणि नैराश्य यांचं मूळ एकच असतं. काम अफाट, अधिकार शून्य, आणि साहेबाचा शब्द केव्हा चावेल याचा नेम नाही. लंडनच्या सरकारी नोकरांवरचा दुसरा ‘व्हाइटहॉल’ अभ्यास १९८५ मध्ये सुरू झाला, १०,३०८ माणसांवर. त्यात सर्वांत खालच्या श्रेणीतल्यांच्या आजारपणाच्या रजा वरच्या श्रेणीपेक्षा कितीतरी पट जास्त आढळल्या. आपल्याकडे हे आकडे पाहून साहेब म्हणतील, ‘बघा, खालचा स्टाफ कामचुकार.’ तिथल्या संशोधकांनी मात्र त्या माणसांच्या कामाची परिस्थिती तपासली.

म्हणून या रजेचं मोल ओळखा. तिच्याइतकी लवकर, बिनखर्चाची आणि लेखी खूण ऑफिसला दुसरी कुठलीच मिळत नाही. माणूस दवाखान्याच्या मानसोपचार विभागाची पायरी चढेल तेव्हा चढेल, त्याच्या कितीतरी आधी त्याचा अर्ज आस्थापना शाखेत आलेला असतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, जे निम्हान्स या संस्थेने आपल्या मध्य प्रदेशासह १२ राज्यांत केलं, देशातल्या प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी मानसिक विकार होता आणि त्यांतल्या फार मोठ्या हिश्श्याला उपचार मिळत नव्हते. यातली कितीतरी माणसं रोज मस्टरवर सही करत असतील.

कोणी याचा असा अर्थ काढू नये की रजा घेणंच वाईट. उलट सांगणारा पुरावाही व्हाइटहॉलमधूनच आला. ज्या पुरुषांची प्रकृती मुळात चांगली नव्हती आणि तरीही ज्यांनी तीन वर्षांत आजारपणाची एकही रजा घेतली नाही, त्यांच्यात गंभीर हृदयविकाराचं प्रमाण माफक रजा घेणाऱ्यांच्या दुप्पट निघालं. दुखणं अंगावर काढणाऱ्याचं आपण सेवानिवृत्तीच्या समारंभात कौतुक करतो, ‘साहेबांनी तीस वर्षांत एक मेडिकल घेतली नाही’ म्हणून टाळ्या वाजवतो. ही पद्धत मला घातक वाटते आणि ती बंद व्हावी असं मी या व्यासपीठावरून स्पष्ट म्हणते.

आमच्या शाखेत एक हेड क्लार्क होते. सगळे त्यांना बडे बाबू म्हणत. एका कारकुनाच्या मेडिकल वाढू लागल्या, कधी पाठ, कधी ताप, कधी पोट, चार दिवस, सहा दिवस. साहेबांनी ‘कारणे दाखवा’ नोटीस काढायला सांगितलं. बडे बाबूंनी मसुदा तयार केला, पण पाठवायच्या आधी संध्याकाळी स्कूटर काढून ते त्याच्या घरी गेले. चहा घेतला, मुलांची विचारपूस केली आणि निघताना जिन्यात त्याच्या पत्नीने सांगितलं की हे कित्येक महिने रात्री झोपत नाहीत, खिडकीशी बसून असतात. बडे बाबूंनी दुसऱ्या दिवशी साहेबांकडून नोटीस थांबवून घेतली आणि त्याला स्वतःबरोबर मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलं. परतल्यावर पहिले काही आठवडे त्याला पब्लिकच्या खिडकीऐवजी आतल्या टेबलावर बसवलं. तो माणूस पूर्ण नोकरी करून निवृत्त झाला. कुठल्याही नियमपुस्तकात बडे बाबूंचं हे काम लिहिलेलं नव्हतं. ते लिहिलं जावं, हेच माझं या परिषदेकडे मागणं आहे.

नेदरलँड्समध्ये ते लिहिलेलं आहे. तिथे २००२ पासून कायदा आहे की कर्मचारी आजारी पडून सहा आठवडे झाले की त्याच्या अडचणीचं वैद्यकीय मूल्यमापन व्हायचं आणि आठव्या आठवड्यापर्यंत मालक व कर्मचारी यांनी मिळून परतण्याची योजना कागदावर आणायची. मालकाला दोन वर्षांपर्यंत किमान ७० टक्के पगार द्यावा लागतो, म्हणून त्याचंही लक्ष असतं. आपल्याकडे परतण्याची योजना म्हणजे फक्त फिटनेस सर्टिफिकेट. डॉक्टरने ‘फिट’ लिहिलं की माणूस सोमवारी सकाळी त्याच टेबलावर, त्याच साहेबासमोर, साठलेल्या फायलींसकट.

आपल्याकडे काहीच नाही असं मात्र नाही. १९४८ च्या कायद्याने आलेल्या कर्मचारी राज्य बीमा योजनेत आजारी कामगाराला वर्षात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळतं आणि ठराविक ३४ दीर्घ आजारांत ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत. त्या यादीत सायकोसिससारखे गंभीर मनोविकार आहेत. या योजनेचं मोठं हॉस्पिटल आमच्या नंदानगरात आहे, गिरणी कामगारांच्या वसाहतीत. सगळं इंदूर त्याला बीमा अस्पताल म्हणतं. म्हणजे आजारी रजेचे दाखले आणि कामगारांचे केसपेपर एकाच छत्राखाली असलेली व्यवस्था या शहरात आधीपासून आहे. बाणगंगेला मानसिक रुग्णालय आहे. या दोन दारांमध्ये अंतर थोडंच आहे. वारंवार किंवा लांब रजा घेणाऱ्या कामगाराला पहिल्या दारातच झोप, भूक आणि मनःस्थितीबद्दल दोन प्रश्न विचारले गेले, तर काय साधेल याचा विचार इथल्या चर्चासत्रांत व्हावा.

यात एक धोका आहे आणि तो मी लपवणार नाही. उद्या एखाद्या कंपनीने रजांची यादी काढून ‘हा पुढे डिप्रेशनमध्ये जाणार’ म्हणून माणसालाच वगळलं तर? रजेची नोंद मदतीसाठी वाचायची की छाटणीसाठी, यावर सगळं अवलंबून आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गुप्ततेचा हक्क दिला आहे. दिव्यांग हक्क कायद्याच्या विसाव्या कलमाने नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला काढायला किंवा खालच्या पदावर टाकायला मनाई केली आहे. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात, मानसिक आजाराशी जोडलेल्या वागणुकीवरून शिस्तभंगाची कारवाई करणं हा भेदभाव ठरतो असं म्हटलं. हे तीन आधार प्रत्येक युनियनच्या ऑफिसात भिंतीवर लावावेत.

आणि ज्यांना रजाच नाही त्यांचं काय? मल्हारगंजातल्या दुकानांत उभी राहणारी मुलं, घरकाम करणाऱ्या बायका, डिलिव्हरीवाले. त्यांचा आजार कुठल्याच मस्टरमध्ये उमटत नाही, फक्त त्या दिवसाची कमाई जाते. शहर स्वच्छ ठेवणारे आमचे सफाईमित्र रात्री झाडू घेऊन निघतात. त्यांच्यातल्या ठेकेदारीवरच्या माणसांना दुखण्याची पगारी रजा मिळते का, हा प्रश्न इंदूरकर म्हणून मला विचारलाच पाहिजे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित करून १० जून १८९० रोजी साप्ताहिक सुट्टी मिळवून दिली. तोपर्यंत मालकांना ती मागणी आळसाची वाटत होती. दुखण्याच्या रजेकडे आजही त्याच नजरेने पाहिलं जातं, आणि लोखंड्यांच्या वाटेने जाणाऱ्यांना अजून पुष्कळ काम आहे.

तेव्हा परिषदेपुढे समितीच्या वतीने मी तीन सूचना ठेवते. लांब रजेवर गेलेल्या प्रत्येकाला ऑफिसातून ठरलेल्या माणसाचा फोन जावा, चौकशीचा, चौकशी समितीचा नव्हे. परतल्यावर पहिले काही आठवडे हलकं काम मिळावं आणि ते लेखी असावं. दाखल्यावरचं निदान डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातच राहावं, शाखेला फक्त मुदत कळावी. आपण यांत भर घाला, दुरुस्त करा, पण ठराव करून इथून जा. आणि आत्ता या सभागृहात ज्यांना रात्री झोप लागत नाही त्यांच्यासाठी टेलिमानसचा सरकारी मोफत क्रमांक आहे १४४१६. तो कुठल्याही वेळी लागतो.

जेवणाची सोय मागच्या अंगणात आहे. दुसऱ्या मजल्यावर विश्रांतीची एक खोली मुद्दाम रिकामी ठेवली आहे. ज्यांना बरं वाटत नसेल त्यांनी तिथे जावं, कोणी कारण विचारणार नाही.  पहिलं सत्र बीमा अस्पतालातल्या नोंदींवर आहे. मी उद्घाटकांना विनंती करते की त्यांनी दीपप्रज्वलन करून परिषदेला सुरुवात करावी.