माय काट्यावर बसली तेव्हा



माय गेली तेव्हापासून लोक तिला त्यागमूर्ती म्हणतात. मला हा शब्द सोसत नाही. धर्माबादची ओळख लाल मिरची. तिची देठं खुडणाऱ्या बाईचे हात रात्रभर पेटतात, हे गिऱ्हाइकाला कोण सांगणार? माय त्या हातांनी लेकराच्या तोंडाला शिवायची नाही, लांबूनच जोजवायची.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला अन् मराठवाडा पेटला. आमच्याच जिल्ह्यात, टेंभुर्णीला, पोचिराम कांबळेंना मारलं. माय तेव्हा दहा वर्षांची. तिनं पिकात लपून रात्र काढली. १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं, तेव्हा ती वखारीत देठं खुडत होती.

वजनावर मजुरी. एकदा काट्यात खोट दिसली. माय सरळ काट्यावर जाऊन बसली. "आधी मला मोजा, मग मिरची." सांजेपर्यंत उठली नाही. पैसे मिळाले, दुसऱ्या दिवशी काम बंद. मी सात वर्षांचा, भुकेनं रडलो. म्हणालो, "कशाला बसलीस?"

ती म्हणाली, "आज उपाशी निजू लेकरा. पण रोज थोडं थोडं चोरू द्यायचं न्हाई."

आज मी गोदीत ओझी उचलतो. हजेरी लिहिताना मुकादम तास खातो, अन् माझी जीभ टाळूला चिकटते. म्हणून तिच्या फोटोला हार घालताना लाज वाटली. उद्या मी त्या वहीवर बोट ठेवून उभा राहणार. तुम्ही सोबत या.

जयभीम.