तारीख देण्याआधी



मूत्ररोगतज्ज्ञ आणि किरणोपचारतज्ज्ञ मित्रहो, तुम्ही मला अध्यक्षपदाचा मान दिलात. अध्यक्षाने आपल्या शाखेच्या प्रगतीचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे. पण बाहेरच्या दालनात यंत्रांच्या कंपन्या ते काम माझ्याहून उत्साहाने करत आहेत. मी एकाच प्रसंगाविषयी बोलणार आहे. पासष्टीच्या गृहस्थाचा बायोप्सीचा रिपोर्ट आला आहे, कर्करोग प्रोस्टेटच्या बाहेर गेलेला नाही, आणि घरची मंडळी आपल्यासमोर बसली आहेत.

बोलतो तो बहुधा मुलगा. ‘बाबांना कॅन्सर म्हणू नका, पण काय असेल ते काढूनच टाका.’ बाबा बाहेर बाकावर. लघवीवरचा ताबा ज्याचा जाऊ शकतो, ज्याच्या शरीरसंबंधांवर परिणाम होणार आहे, तोच माणूस निर्णयाच्या वेळी खोलीत नसतो. आणि आपणही, सोयीचं असतं म्हणून, मुलाशीच बोलणं उरकतो.

आपल्याकडे बरेच रुग्ण आजार हाडांत उतरल्यावर येतात, त्यामुळे लवकर सापडलेला रुग्ण दिसला की आपल्याला हायसं वाटतं आणि हात शिवशिवतात. चेकअपच्या पॅकेजमध्ये पीएसए शिरल्यापासून असे रुग्ण वाढत आहेत. त्यांच्यासाठी सर्वांत भक्कम पुरावा ब्रिटनमधून आला आहे. फ्रेडी हॅम्डी, जेनी डोनोव्हन आणि डेव्हिड नील यांच्या ‘प्रोटेक्ट’ या अभ्यासात 1,643 पुरुषांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं तीन गटांत वाटलं : शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि सक्रिय देखरेख. 2023 मध्ये पंधरा वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रोस्टेटच्या कर्करोगाने दगावलेले एकूण 45. म्हणजे शंभरात तीनसुद्धा नाहीत, आणि तिन्ही गटांत जवळपास सारखेच. सगळी कारणं मिळून मात्र 356 जण गेले.

हे आकडे ऐकून देखरेखच बरी, असं कोणी समजू नये. देखरेखीच्या गटात आजार पसरण्याचं प्रमाण 9.4 टक्के होतं, शस्त्रक्रियेत 4.7 आणि रेडिएशनमध्ये 5. आजार पसरला की हार्मोनचे उपचार मागे लागतात, आणि ते काही सुखाचे नसतात. शिवाय देखरेखीतल्या सुमारे 61 टक्के लोकांना पंधरा वर्षांत केव्हा ना केव्हा समूळ उपचार घ्यावाच लागला. पण जवळपास चौथा हिस्सा पंधरा वर्षांनंतर कोणताही उपचार न घेता हयात होता. हेही ध्यानात ठेवा की त्या अभ्यासात जवळजवळ सगळे गोरे पुरुष होते, आणि तेव्हाची देखरेख मुख्यतः पीएसएवर चालायची. आजच्यासारखा एमआरआय आणि पुन्हा बायोप्सी असा पहारा नव्हता. ग्लीसन 8 किंवा त्याहून जास्त असलेल्या धडधाकट माणसाला देखरेखीवर ठेवणं मला मान्य नाही. ग्लीसन 6 असलेल्याला आठवड्याभरात टेबलावर घेणंही मान्य नाही.

आता दुसरी बाजू. त्याच अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी 46 टक्के पुरुष पॅड वापरत होते. सहा वर्षांनीही 17 टक्के. शरीरसंबंधाला पुरेसा ताठरपणा सुरुवातीला 67 टक्क्यांना होता, शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी तो 12 टक्क्यांवर आला. पॅट्रिक वॉल्श यांनी 1982 मध्ये नसा वाचवणारी शस्त्रक्रिया दाखवून दिली, रोबोने हात स्थिर केला, तरी हा प्रश्न मिटलेला नाही. रेडिएशनमध्ये लघवीचा त्रास कमी, शौचाच्या तक्रारी जास्त. आपल्याकडचा रुग्ण ताठरपणाबद्दल स्वतःहून विचारत नाही. पत्नी शेजारी असेल तर नाहीच नाही. म्हणून त्याला त्याची चिंता नाही, हा निष्कर्ष आपण काढतो. खरं तर विचारायचं आपणच असतं.

किरणोपचारवाल्यांनीही आपली बाजू नीट सांगायला हवी. ‘चिप’ अभ्यासानंतर 37 ऐवजी 20 वेळा रेडिएशन पुरेसं ठरलं, आणि ‘पेस-बी’ने निवडक रुग्णांत ते पाचावर आणलं. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत मुक्काम करून मुंबईत उपचार घेणाऱ्या नांदेडच्या शेतकऱ्याला सात-साडेसात आठवडे आणि एक-दोन आठवडे यांतला फरक किती मोठा आहे, ते समजावून सांगावं लागत नाही. मात्र तो फरक आहे, एवढं तरी कोणीतरी त्याच्या कानावर घालावं लागतं.

देखरेखीची आपल्याकडची अडचण वेगळीच आहे. शस्त्रक्रियेला विमा पैसे देतो. दर सहा महिन्यांचा पीएसए आणि मधले एमआरआय बहुधा खिशातून. रुग्ण पुन्हा येईल याचीही खात्री नाही. ‘आमचे लोक फॉलोअपला येत नाहीत, म्हणून कापून मोकळं होतो’, असं मी अनेकांकडून ऐकलं आहे. मला हे पटत नाही. मधुमेहाचे रुग्ण वर्षानुवर्षं येतातच. तारीख लिहून दिलेलं कार्ड आणि एक फोन, एवढं दवाखान्याला झेपतं.

अमेरिकेत 2000 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत 93 टक्के मूत्ररोगतज्ज्ञांनी शस्त्रक्रियेलाच पसंती दिली होती, तर 72 टक्के किरणोपचारतज्ज्ञांनी दोन्ही उपचार सारखेच मानले होते. सगळे प्रामाणिक डॉक्टर होते, यात मला शंका नाही. पण बायोप्सी बहुधा मूत्ररोगतज्ज्ञच करतो, रिपोर्टही त्याच्याच हाती येतो, आणि पहिलं वाक्य तोच बोलतो. त्या पहिल्या वाक्याचं वजन नंतर दहा जणांनी समजावलं तरी उतरत नाही.

म्हणून आपणा सर्वांना विनंती आहे. रुग्णाला खोलीत बोलवा, मुलाआधी त्याच्याशी बोला. तारीख ठरवण्यापूर्वी त्याला किरणोपचारतज्ज्ञाकडे पाठवा. तो तिकडेच राहिला तर राहू द्या. आपल्या रुग्णांपैकी वर्षानंतर किती जण पॅड वापरतात याची नोंद ठेवा आणि पुढच्याला ब्रिटनचा नाही, आपला स्वतःचा आकडा सांगा. आणि लहान, कमी जोखमीच्या आजारात शस्त्रक्रियेची तारीख रिपोर्टच्याच दिवशी देऊ नका.